सर्व उपचार करून झाले

चैत्र उलटला की माझे तळपाय झोपत नाहीत. बाकीचा मी झोपतो. सकाळची शाळा आटोपून घरी येतो, भाकरी खातो, फरशीवर सतरंजी टाकून आडवा होतो. पाठ टेकते, डोळे मिटतात, पण पाय गार फरशीचा तुकडा शोधत इकडून तिकडं फिरत राहतात. आणि सोलापुरात वैशाखात गार फरशी म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट. बायको म्हणते, तुम्हांला सवयच आहे ती. सवय नाही. वर्षातून ह्याच दिवसांत हे होतं, आणि का होतं ते मला ठाऊक आहे.

शाळेत सध्या परीक्षा चालू आहे. मी रांगांतून येरझारा घालतो. मुलं काय लिहितात ते बघत नाही, त्यांच्या पाठी बघतो. एकाचे खांदे कानांना भिडलेत. एकानं जबडा असा आवळलाय की गालावर सुपारीएवढी गाठ आलीय. एक जण डावी मूठ मांडीखाली दाबून उजव्या हातानं लिहितोय. कुणाला उत्तर येत नाही आणि कुणाच्या घरी काही बिनसलंय, हे मला पाठीवरून बरंचसं कळतं. ही विद्या मला कॉलेजानं दिली नाही. मी महादबा न्हाव्याचा मुलगा आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं आणि मी बी. ए. झालो, हे मी मान वर करून सांगतो. वडलांचा धंदा मात्र मी पुष्कळ वर्षं मान खाली घालून सांगत आलो. तेही इथंच सांगून टाकतो, कारण पुढं ते लपणार नाही.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची नजर लवकर अधू झाली आणि वस्तरा सुटला. लोकांना वाटलं, आता ह्याचं कसं व्हायचं. दादा म्हणाले, वस्तऱ्याला डोळे लागतात, तेलाला लागत नाहीत. ते नुसती मालिश करू लागले. तालमीतले पैलवान, बाळीवेशीतले व्यापारी, कोर्टातले वकील, गिरणीत साचा चालवून चालवून कमरेत वाकलेले विणकर, सगळे त्यांच्या हाताखालून गेले.

"वकिलाची मान," ते आईला सांगायचे, "दिसभर सायबाफुडं वाकती. मग घरी आल्यावर कुनाफुडं वाकत न्हाय. दुखंल न्हाय तर काय."

पैलवानाचं दुखणं सोपं, तो दाखवतो तिथंच ते असतं. ज्याच्या मनात काही सलतंय त्याचं दुखणं मात्र तो दाखवतो तिथं कधीच नसतं, असं दादांचं मत होतं. पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या पाठीला ते आधी हात लावत नसत. तळपायापासून सुरुवात करत. पाय म्हणजे माणसाचं सगळ्यांत लांबचं गाव, तिथं चौकशीला कुणी जात नाही, म्हणून तिथं गेलं की माणूस गाफील राहतो, असं म्हणायचे. आणि खरंच, पोटऱ्यांपर्यंत हात येईतो माणूस बोलू लागायचा. ठरवून नव्हे. घाम यावा तसं ते बोलणं येई. मेलेल्या बहिणीचं, सावत्र आईचं, कधी नुसतंच शिव्याशाप. दादा त्यावर 'हं'सुद्धा म्हणत नसत. 'हं' म्हटलं की तो सावध होतो, म्हणायचे. हाताखाली ऐकलेलं त्यांनी घरी कधी आणलं नाही. हल्ली मासिकांतून मनाच्या दुखण्यांवर लेख येतात, मी ते लक्ष देऊन वाचतो. त्यात पुष्कळ असतं. दादांना ठाऊक होतं तेवढं मात्र नसतं.

त्या साली मी बी. ए.ची परीक्षा देऊन पुण्याहून घरी आलो तेव्हा पंधरा दिवस मला धड झोप नव्हती. डोळे मिटले की प्रश्नपत्रिका दिसायची, आणि तिच्यावरचं एकही अक्षर लागायचं नाही. जेवण तोंडात फिरायचं. आईनं मला दारात बघून कपाळाला हात लावला. दादांना दिसत नव्हतं, त्यांनी माझा दंड चाचपला आणि म्हणाले, आडवा हो.

मी नको म्हणालो. वडलांनी मुलाचे पाय धरणं बरं दिसत नाही, असं काहीतरी बोललो. खरं कारण निराळं होतं. पुण्याच्या वसतिगृहात चार वर्षं काढून मी त्या तेलाच्या वासापासून लांब गेलो होतो आणि मला परत यायचं नव्हतं.

"पाय धरतोय व्हय मी?" दादा म्हणाले. "बघतोय. दिसत न्हाय म्हनून हातानं बघतोय."

त्यांनी करडईचं तेल घेतलं आणि काशाची वाटी तळपायावर घासायला लागले. गोल, सावकाश, एकाच चालीनं. थोड्या वेळात तळव्यावर काळपट राड जमली. ती बोटानं निपटत म्हणाले, बघ, केवढी उष्णता भरली होती. मी पडल्या पडल्या त्यांना शिकवलं. म्हटलं, दादा, ती उष्णता नव्हे. काशात तांबं असतं, तेलातल्या आंबटपणानं ते झिजतं आणि काळं पडतं. कुणाच्याही पायावर घासा, काळं निघणारच.

दादांनी हात थांबवला नाही. "आसंल," म्हणाले. "लाकडावर घासून लाकूड झोपतंय का बघाय पायजे."

मी हसलो, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. जागा झालो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. उशी लाळेनं ओली होती, जिभेला चव आली होती. आईनं शेंगांच्या चटणीशी तीन भाकऱ्या वाढल्या, त्या मी खाल्ल्या. परीक्षा संपली म्हणून झोप लागली, असं मी मनाशी ठरवून टाकलं. परीक्षा संपून पंधरा दिवस झाले होते, हा हिशेब मी केला नाही.

आमच्या गल्लीच्या मागं गिरणीची चाळ होती. तिथं नरसय्या राहायचा. तेलंगी विणकर, हातमाग सोडून गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, लागलेला. जॉबरच्या, म्हणजे माणसं लावणाऱ्या मुकादमाच्या, हातापाया पडून त्यानं धाकट्या भावालाही आपल्या शेजारच्या साच्यावर लावून घेतलं होतं. मलेश त्याचं नाव. माघात एके दिवशी मलेशचं उपरणं साच्याच्या पट्ट्यात गेलं आणि उपरण्यामागं मलेश गेला. नरसय्या चार हातांवर उभा होता. साचे थांबवले, प्रेत काढलं, मग लोकांच्या ध्यानात आलं की नरसय्याच्या दोन्ही मुठी मिटल्या आहेत आणि उघडत नाहीत.

त्या उघडल्याच नाहीत. तो बोलेना. त्याची बायको राजव्वा त्याला लहान पोरासारखं भरवायची. दिवसभर तो भिंतीला टेकून बसे. पण पाळी बदलायचा भोंगा झाला की ताडकन उठे आणि गिरणीच्या दिशेनं ओरडत धावे. चौघे जण धरून आणत. देवऋषी झाला, अंगारा झाला, डॉक्टरची बाटली झाली. दादांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणच गेले. तिसऱ्या प्रहरच्या उन्हात त्यांना वाट दिसत नसे, म्हणून हात धरून न्यायला मी. निकाल लागेपर्यंत मला दुसरा उद्योग नव्हता.

ती खोली मला आजही अंगावर येते. वर पत्रा, खाली सारवलेली भुई, कोपऱ्यात मडकं, आणि त्या काहिलीत घामानं भिजलेला तो माणूस, दोन्ही मुठी छातीशी धरून. दादा त्याच्या पायाशी बसले. पहिले आठ दिवस त्यांनी फक्त तळपाय चोळले. राजव्वाचं मराठी तेलंगी वळणाचं होतं. ती कुरकुरली, "आण्णा, हात बंद आहे त्याचं. तुम्ही पाय काय करते?"

"हाताला कळू दे की पोरी," दादा म्हणाले, "की मी त्याच्या मागं लागलो न्हाय."

मग पोटऱ्या, मग पाठ, मग खांदे. कोपरापर्यंत यायला पंधरा दिवस लागले. एवढ्या काळात दादांनी त्याला एक प्रश्न विचारला नाही की धीराचा शब्द सांगितला नाही. धीर देणारे चाळीत उदंड होते. माणसाच्या आत काहीतरी असतं जे शब्द ऐकून दार लावून घेतं. त्याला नुसता कुणाचा तरी हात लागतो, काही न मागणारा, उद्या ह्याच वेळेला पुन्हा येणारा. हे मला आज सुचतं. तेव्हा मी दाराशी बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

एके दिवशी दादांचा हात त्याच्या पाठीवर चालू असताना भोंगा झाला. मी उठून दाराच्या आडवा झालो, तो धावणार म्हणून. तो धावला नाही. त्याला झोप लागली होती. भोंगा पत्र्यावरून, भिंतींतून, दातांतून जात राहिला आणि नरसय्या घोरत राहिला. राजव्वानं पदर तोंडात कोंबला. ती हसत होती की काय करत होती, मला कळलं नाही. दादांनी भोंगा संपेपर्यंत हात उचलला नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी डाव्या हाताची करंगळी सुटली. आत तळव्यात नखं रुतून जखमा झाल्या होत्या. दादांनी वस्तरा सुटल्यापासून न उघडलेली धोकटी घरून मागवली, नख काढायची नराणी घेतली आणि नुसत्या स्पर्शावर ते एक नख काढलं. इतकं हलक्या हातानं की तो जागाही झाला नाही. जागा झाल्यावर तो 'नीळ्ळु' म्हणाला. तेलंगीत नीळ्ळु म्हणजे पाणी. अडीच महिन्यांत त्याचा तो पहिला शब्द. राजव्वाची भांडं धरायची धांदल उडाली, निम्मं पाणी त्याच्या अंगावर सांडलं. घरी आल्यावर दादा दारातूनच आईला म्हणाले, "आज गोड कर कायतरी."

आई म्हणाली, "लेकाचा निकाल लागला व्हय?"

"न्हाय. दुसऱ्याच पोराचा लागला."

माझा निकाल त्यानंतर आठवड्यानं आला. पास झालो. गल्लीत पेढे वाटले. ज्यांनी कधी आमच्या ओसरीला पाय लावला नव्हता ते येऊन बसून गेले. गिरणीतला जॉबरही आला. पेढा तोंडात टाकून म्हणाला, पोरगा बी. ए. झाला महादबा, आता तरी दुसऱ्यांचे पाय रगडायचं सोडशील का, का त्याच्या सनदेलाबी तेल लावणार? सगळे हसले. दादाही हसले. मी पेढ्यांचं ताट उचलून आत गेलो.

लग्नसराईचे दिवस. दादांना मोहोळकडच्या एका खेड्यात नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायला जायचं होतं. वस्तरा सुटला तरी न्हाव्याचा लग्नातला मान सुटत नाही, आणि नाही म्हणायची सोयही नसते. जाताना ते मला म्हणाले, "दोन दिस तू जा नरसय्याकडं. राजव्वा दुपारी सुताच्या कांड्या भराय जाती, घरी कुनी नसतंय. तू काय करू नगंस. भोंगा होस्तवर तळपायावर हात ठिवून बस. येवढंच."

मी बरं म्हणालो, आणि गेलो नाही.

पहिल्या दिवशी कुणी अभिनंदनाला आलं म्हणून. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नव्हतं. मी ओसरीवर बसून होतो, ऊन उतरलेलं दिसत होतं, वेळ झालेली कळत होती. बी. ए. झालेल्या माणसानं चाळीत जाऊन एका वेड्याच्या पायावर हात ठेवून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते बघायचं, एवढं एकच चित्र माझ्या डोळ्यांपुढं होतं. भोंगा झाला. पाठोपाठ चाळीतून आरडाओरडा आला.

नरसय्या धावला होता, आणि जॉबरची भावजय पाण्याची घागर घेऊन मधे आली. धक्क्यानं ती ओट्याच्या कडेवर पडली, कपाळ फुटलं, टाके पडले. मुठी मिटलेल्या माणसाला कुणावर हात टाकता येत नाही. तो धावला, ती मधे आली, इतकंच घडलं. अर्जात मी 'हल्ला केला' असं लिहिलं.

कारण अर्ज मीच लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉबर पाच-सहा माणसं घेऊन आमच्या ओसरीवर आला, मागं राजव्वा. वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज लागतो, तो बायकोच्या नावानं लागतो, आणि इंग्रजीत असला तर लवकर हलतो. गल्लीत इंग्रजी लिहिणारा मी एकटा. पदवी मिळाल्यावरचं माझं पहिलं लेखन ते. मला तासभर लागला. मला वाटत होतं, मी योग्य तेच करतोय. तिकडं डॉक्टर आहेत, औषधं आहेत, शिकलेली माणसं आहेत. आणि काल दुपारी मी कुठं होतो हे कुणी विचारत नव्हतं, ह्याचंही मला बरं वाटत होतं.

दादा तेवढ्यात लग्नाहून आले. धोतरावर हळदीचे डाग होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काय लिहिलंस ते मराठीतनं वाच. मी वाचलं. रोग केव्हापासून, लक्षणं काय, कुणाला इजा झाली. शेवटी एक वाक्य होतं: सर्व उपचार करून झाले, कशानंही गुण नाही.

"गुन न्हाय?" दादा म्हणाले.

मी म्हटलं, देवऋषी झाला, अंगारा झाला, डॉक्टर झाला.

"आनि मी?"

त्यांनी चाचपून माझ्या हातातला कागद धरला.

"तो झोपतोय आता. करंगळी सुटलीय. पानी मागतोय. येवढं लिव."

"तसलं अर्जात लिहीत नसतात, दादा," मी म्हणालो. "मालिश म्हणजे उपचार नव्हे. साहेब हसतील."

दादांनी मान हलवली, समजल्यासारखी. मग जॉबर बसला होता त्या दिशेला तोंड करून म्हणाले, "मिरगापातुर थांबा. ऊन उतरू द्या. मिरगापातुर गुन न्हाय आला तर म्या सोता त्याला गाडीत बशिवतो."

जॉबर म्हणाला, चाळीतल्या बायका-पोरांचं काय? नाहीतर खोली सोडा, भोंगा ऐकू येणार नाही तिथं न्या आणि मग मिरगापर्यंत काय जल्मभर रगडा. राजव्वा दादांकडं बघत होती. दादांना ते दिसलं नाही. तिला जायला दुसरी जागा नव्हती. तिनं अंगठा पुढं केला आणि शाई मी लावली.

आठ-दहा दिवसांनी कचेरीतल्या एका कारकुनानं मला रस्त्यात थांबवून सांगितलं की साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, इतकं चांगलं इंग्रजी कुणाचं. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

नरसय्याला दोन भोंग्यांच्या मधल्या वेळात नेला, म्हणून तो मुकाट गेला. स्टेशनावर दादा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा तो थरारला. दादांनी तो हात तसाच ठेवला, शेवटी शिपाई म्हणाला, बाबा, आता सोडा. दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवसांत मी दोन दिवस चाळीत गेलो नव्हतो, हे त्यांना राजव्वाकडून कळलं होतं. त्यावरही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून त्यांनी माझ्याकडून कधी काही वाचून घेतलं नाही. पोस्टकार्ड आलं तर शेजारच्या सहावीतल्या पोराला हाक मारत. मृग आला, गेला. मला शाळेत नोकरी लागली.

पुढच्या चैत्रात एका सकाळी ते म्हणाले, "पुन्याला जाऊ. तिथं इंग्रजी लागंल."

इस्पितळातले डॉक्टर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आम्हांला बसायला खुर्च्या दिल्या. मी त्यांना म्हणालो, माझे वडील ह्या रोग्याला मालिश करीत असत, त्यानं फरक पडत होता, दहा-पंधरा दिवस ह्यांना इथं येऊन हात लावू द्यावा. माझं इंग्रजी पहिल्यापेक्षा सुधारलं होतं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि कागद काढले. म्हणाले, इथं तर लिहिलंय की सर्व उपचार करून झाले, कशानंही गुण आला नाही. पत्नीचाच अर्ज आहे हा. ह्यात आपल्या वडलांचा उल्लेख नाही.

मी म्हटलं, अर्ज मी लिहिलाय.

त्यांनी सहीच्या जागचा राजव्वाचा अंगठा पुन्हा बघितला. मग म्हणाले, बाहेरच्या माणसानं रोग्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. वर अर्ज करून पाहा. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्यापुढं कागद होता आणि कागद माझ्या हातचा होता.

नरसय्याला दोघांनी मधे धरून आणलं. निम्मा उरला होता. आम्ही ओळखीचे वाटलो की नाही, सांगता येत नाही. दादा म्हणाले, "करंगळी बघ." मी बघितली.

"मिटलीय," मी म्हणालो.

दादांनी आपले दोन्ही हात अंगावरच्या पंच्याच्या आत घेतले आणि गाडीत बसेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

दुसरा अर्ज लिहायला मला तीन आठवडे लागले. पहिल्याला तास पुरला होता. ह्यात मात्र एकेक शब्द तपासत बसलो. जी भाषा माणसाला सहज आत घालते, ती त्याला बाहेर काढताना फार अडखळते. कॉलेजच्या फॉर्मवर वडलांच्या धंद्यापुढं मी 'शेती' असं लिहीत असे. आमची हातभर जमीन नव्हती. ह्या अर्जात दादांची ओळख काय द्यावी ह्यावर मी अडलो. देशी उपचारांचे जाणकार, असं एक लिहिलं. अंगमर्दन करणारे वैद्य, असं एक लिहिलं. शेवटी त्यांनाच वाचून दाखवलं.

"मी कुटं वैद हाय?" दादा म्हणाले.

"तसं लिहिलं तर ऐकतील."

"न्हावी लिव. न्हाव्याच्या हातानं झोपला त्यो. वैदाच्या न्हवं."

मी न्हावी लिहिलं. आणखी एक वाक्य घातलं, त्यांना न सांगता: रोग्यानं ज्या दिवशी चाळीत एका स्त्रीला धक्का दिला, त्या दिवशी त्याच्यापाशी बसायला मला सांगितलं होतं आणि मी गेलो नव्हतो. अर्ज टपालात टाकला. वैशाख निम्मा झाला होता.

उत्तर लवकर आलं. छापील कागद, मोकळ्या जागा शाईनं भरलेल्या. रोगी हगवणीनं वारला होता. तारीख बघितली. आम्ही भेटून आलो त्याच्या नवव्या दिवसाची. पुढचे बारा दिवस मी मेलेल्या माणसासाठी शब्द निवडत बसलो होतो.

राजव्वा तेव्हा बहिणीकडं विणकरांच्या पेठेत राहत होती. मी जाऊन सांगितलं. ती रहाटावर कांड्या भरत होती. तिनं हात थांबवला नाही. विचारलं, "तिकडं जेवण चांगला देत होते?" मी हो म्हणालो. "बरं," म्हणाली, आणि रहाट फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी तिची बहीण धावत आमच्याकडं आली. राजव्वा जेवत नव्हती, बोलत नव्हती, डोळ्यांतून टिपूस नाही, नुसत्या कांड्या भरत होती. सूत संपलं तरी रिकामा रहाट फिरवत होती. बहीण दादांना न्यायला आली होती.

दादा म्हणाले, बाईमाणसाचं काम आहे, माझं नाही. आमच्यात बायकांचं अंग न्हावीणच धरते. आईनं तेल कोमट केलं आणि पदर खोचून निघाली. मी दादांचा हात धरून मागून गेलो. दोघं बाहेर ओट्यावर बसलो. ऊन असं की भिंतीलाही पाठ लावता येत नव्हती. दार लोटलेलं होतं. आत बराच वेळ रहाटाची कुरकुर चालू होती. आई काही बोलत नव्हती, बोलणार नव्हती. मग ती कुरकुर सावकाश झाली. मग थांबली.

मी भिंतीकडं बघत बसलो. आणि मग आतून एक आवाज आला, जनावराचा वाटावा असा, वर्षभराचा. तो थांबेना, वाढतच गेला. मला तो सोसवेना. मी उठलो, आत जाऊन काहीतरी सांगावं म्हणून, क्षमा मागावी म्हणून, काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

दादांनी न बघता माझ्या धोतराचा सोगा धरला.

"बस खाली," ते म्हणाले. "आत्ता कुटं सुरू झालंय."

मी बसलो.